ससेक्सच्या रानातली तेलविहीर

इंग्लंडात सहा आठवडे राहून आलो आणि राजवाडा पाहिला नाही, नदीवरचा तो प्रसिद्ध पूल पाहिला नाही, हे कळल्यापासून उमरखेडला आमच्या गल्लीतले लोक माझ्याकडे जरा कीव केल्यासारखं बघतात. "मग पाहिलंस तरी काय रे?" शेजारच्या भारतीकाकूंनी विचारलं. मी म्हटलं, "रान पाहिलं. आणि रानाखालचा दगड पाहिला." काकूंनी विषय बदलला. त्यांना सांगायचं राहिलं ते इथे लिहितो.

मी तेलविहिरींवर काम करतो. विहीर खोदताना खालून दगडाचा चुरा वर येतो. तो धुवायचा, वाळवायचा, भिंगाखाली बघायचा आणि किती खोलीवर काय लागलं ते लिहून ठेवायचं, हे माझं काम. आमच्या घरात कॉलेजात गेलेला पहिला माणूस मी. वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, आई अंगणवाडीत मदतनीस. आमच्याकडे जिकडे पाहावं तिकडे काळा पाषाण, त्यात तेलाचा थेंब असण्याचं कारण नाही. तरी आमच्या भूशास्त्राच्या सरांनी मला दगडाची गोडी लावली. ते म्हणायचे, "दगड नुसता बघू नका, हातात घ्या, जिभेला लावा. चिखलाचा दगड दातांत विरघळतो, रेतीचा करकरतो." त्या शिकवणीवर मी चार वर्षं बाडमेरच्या वाळवंटात नोकरी केली. मग एक दिवस नवी मुंबईच्या ऑफिसातून फोन आला की इंग्लंडात एका छोट्या कंपनीला सहा आठवड्यांसाठी माणूस हवा आहे, जातोस का? मी आधी हो म्हणालो आणि मग पासपोर्ट कुठे ठेवलाय ते शोधायला लागलो.

इल्फर्ड

पहिले दोन दिवस इल्फर्डला वानखेडेकाकांकडे काढले. काका म्हणजे आमच्या सरांचे चुलतभाऊ, तीस वर्षं तिथे. ऑक्टोबर संपत आला होता. सकाळी नऊ वाजता बाहेर पाहिलं तर संध्याकाळच झालेली वाटावी असा उजेड. रस्त्यावर मात्र कोथिंबिरीच्या जुड्या, कारली, मेथी, सगळं मांडलेलं. काकूंनी भाकरी आणि पिठलं केलं होतं. मी म्हटलं, "काकू, मी परदेशात आलोय असं वाटतच नाही." काका म्हणाले, "दोन दिवस थांब. ससेक्सला गेलास की वाटेल."

निघताना काकूंनी माझ्या हाताकडे पाहिलं. थंडीने बोटांची पेरं उललेली, ओठांतून रक्त येत होतं. त्यांनी व्हॅसलीनची डबी खिशात घातली. "दिवसातून चारदा लाव. लाजू नकोस. इथे पुरुषही लावतात."

क्रॉयडनला गाडी बदलून दक्षिणेकडे निघालो. माझं स्टेशन आलं, बॅगा घेऊन दारासमोर उभा राहिलो आणि दार उघडण्याची वाट बघत राहिलो. दार काही उघडेना. मागच्या बाईंनी काहीतरी म्हटलं, ते कळेपर्यंत गाडी सुटली. तिथे दाराजवळचं बटण आपण दाबायचं असतं. पुढच्या स्टेशनवर उतरलो, थंडीत पाऊण तास बसलो आणि उलट आलो. पहिल्याच दिवशी उशीर. घाम फुटला तो त्या थंडीतही.

रान

स्टेशनबाहेर पन्नाशीच्या एक बाई निळ्या गाडीला टेकून उभ्या होत्या. केस आखूड, पायात चिखलाचे बूट. या डॉक्टर सुजाता गाडगे, विहिरीवरच्या मुख्य भूवैज्ञानिक, म्हणजे माझ्या साहेब. लेस्टरला जन्मलेल्या, आईवडील नागपूरचे. मराठी घरातच शिकलेल्या, त्यामुळे बोलताना लिंग-वचनाची उलटापालट ठरलेली.

"बटण दाबला नाही ना?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. "एव्हरीबडी करतो ते. बस गाडीत."

"सॉरी मॅडम," मी म्हणालो.

"मॅडम नको, प्लीज. मी शाळेची टीचर आहे का? ताई म्हण. बाबांकडे येणारा सगळा लोक मला ताई म्हणतो."

पंधरा मिनिटांनी गाडी ओक झाडांच्या दाट रानात शिरली. मी विहीर शोधत होतो. बाडमेरला रिग, म्हणजे खोदाईचा लोखंडी मनोरा, कोसावरून दिसतो, रात्री तर जत्रा भरल्यासारखा. इथे एक वळण घेतलं आणि समोर हिरवं कुंपण, त्याच्या आत फुटबॉलच्या मैदानाएवढी जागा, आणि झाडांच्या शेंड्यांपेक्षा थोडासाच उंच रिग. वटवाघळांना त्रास होऊ नये म्हणून सगळे दिवे खाली झुकवलेले. आवाज मोजायला कुंपणावर यंत्रं. गावातल्या एका आजोबांनी पंप कुरकुरतो अशी चिठ्ठी टाकली तर दुसऱ्या दिवशी पंपाला वंगण घालून त्यांना उत्तर गेलं. मी ते उत्तर स्वतः वाचलं. मला खरंच वाटेना.

फाटकाशी मार्गारेट नावाच्या आजी घडीच्या खुर्चीवर बसलेल्या असत. हातात पाटी: "जमिनीतलं तेल जमिनीतच राहू द्या." त्या रोज दहा ते बारा बसत आणि मग घरी जेवायला जात. आमचा ड्रिलर केनी, स्कॉटलंडचा, पहाडासारखा माणूस, रोज अकराला त्यांना आमच्या कँटीनमधला चहा नेऊन द्यायचा. शुक्रवारी त्या आमच्यासाठी केक आणायच्या. मी केनीला विचारलं, "त्यांना आपली विहीर बंद करायची आहे ना?"

"अर्थात," केनी म्हणाला. "पण तिचा लिंबाचा केक तू अजून खाल्ला नाहीस."

मोर्चा आणि ठेकेदार यांनी एकमेकांना केक दिल्याचं मी आमच्याकडे कधी पाहिलं नाही. पण मार्गारेट आजींची पाटी एक दिवसही चुकली नाही, हेही खरं.

आता तेलाबद्दल थोडं. त्या रानाखाली शेलचा जाड थर आहे. शेल म्हणजे पूर्वीच्या समुद्रतळाचा गाळ, दाबून दगड झालेला, पाटीसारखा काळा. त्यात तेल असतं पण कोंडलेलं, वाट मिळाल्याशिवाय बाहेर येत नाही. अमेरिकेत पाण्याच्या जोराने दगड फोडून ती वाट करतात. इंग्लंडात त्याला बंदी आहे. त्यामुळे इथे एकच आशा: शेलच्या मध्ये चुनखडीचे दोन पातळ पट्टे आहेत, एक वर, एक खाली. त्यांना निसर्गाने आधीच भेगा पाडल्या असतील तर शेलमधलं तेल तिथे येऊन बसलेलं असणार.

आणि ते बसलेलं होतं! रानाच्या दुसऱ्या टोकाला कंपनीची पहिली विहीर होती. तिच्यात खालच्या पट्ट्यातून तेल येत होतं. मी गेलो तेव्हा टँकर दिवसाआड यायचा. दोन आठवड्यांत रोज यायला लागला. टँकरचा ड्रायव्हर शिट्टी वाजवत यायचा. केनीने मला सांगितलं, "वीस वर्षं मी ऐकतोय, या देशातलं तेल संपलं, आता दुसरा धंदा बघ. आणि बघ, माझ्या म्हातारपणी जंगलात वाढतंय!" गावातल्या पबच्या फळ्यावर कुणीतरी लिहिलं होतं: "आजचं सूप टोमॅटो. तेल नाही, अजून." सगळे हसत होते. माणसं आशेने कशी दिसतात ते मी तिथे पाहिलं. चेहरेच वेगळे.

लेस्टर

पहिल्या रविवारी सुजाताताईंनी मला वडिलांकडे जेवायला नेलं. बेलग्रेव्ह रोडवर साड्यांची, सोन्याची, मिठाईची दुकानं, त्याच्या मागच्या गल्लीत विटांचं छोटं घर. भिंतीवर निळ्या कोटातली तसबीर, तिच्यापुढे ताजी फुलं. शामराव गाडगे ऐंशीच्या पुढचे, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आयुष्यभर रक्त तपासलेला माणूस. त्यांनी स्वतः सावजी रस्सा केला होता. पहिल्या घासाला माझ्या फुटक्या ओठांची आग आग झाली, डोळ्यांतून पाणी. ते खूश झाले. "इतक्या वर्षांत पहिला पाहुणा, जो रडला तरी थांबला नाही!"

ताई पाणी आणायला आत गेल्या तेव्हा ते हळूच म्हणाले, "वर्षभर या घरात एकच विषय आहे. वरचा पट्टा. कंपनी म्हणते, पहिल्या विहिरीत खालच्यात लागलं, इथेही खालचाच घ्या. ही म्हणते, या जागी वरचा जास्त भेगाळलेला आहे. आणि चाचणी एकाच पट्ट्याची होणार. इथल्या कौन्सिलने दिलेल्या परवानगीची मुदत संपते आहे."

"आणि चाचणीत तेल नाही आलं तर?"

"तर विहीर बुजवायची, झाडं लावायची, घरी जायचं. हिच्या शब्दावर कंपनी वरचा घेणार असेल आणि तो कोरडा निघाला, तर हिला पुन्हा कोण विचारणार? ही दगडाशी गोड बोलते, माणसांशी भांडते. माझ्यावर गेली आहे."

"बाबा, मी ऐकतो आहे सगळं," आतून आवाज आला.

परतीच्या वाटेवर ताई मोटरवेवर एकदम म्हणाल्या, "संतोष, मला वाटतो ना, तो वरचाच आहे. आय जस्ट नो इट." मला त्यांच्यासाठी मनापासून वाटलं की तो वरचाच असावा. ही माझी पहिली चूक. दगड बघणाऱ्याने दगडाकडून काही मागू नये.

दगड वर आला

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी खोदाई वरच्या पट्ट्याशी पोचली. आता चुरा नाही, तर अख्खा दगड कापून वर आणायचा होता. त्याला कोअर म्हणतात, उसासारखी लांब कांडी. सकाळी आठला पहिली कांडी जमिनीवर ठेवली. पंधरा कोटी वर्षं अंधारात असलेला समुद्राचा तळ, त्यावर ससेक्सचं कोवळं ऊन. राखाडी चुनखडीत एक शिंपला, बोटाच्या नखाएवढा, जसाच्या तसा. मी टोपी काढली. का काढली ते सांगता येत नाही.

ताईंनी सांगितलं होतं की कोअरला हातमोजे घालूनच हात लावायचा. मी घातलेही होते. पण जाड मोज्यातून दगड कळेना. कुणी बघत नाही असं पाहून मी मोजे काढले, मीटरामीटरावरचे तुकडे हातात घेतले, शिंपला ओठांना लागेल इतका जवळ धरला, दोन तुकडे जिभेला लावले, एक दातांत चावून पाहिला. सर म्हणाले असते, शाब्बास.

मग तुकडे पेटीत ठेवले. ही काळी पेटी असते, आत अतिनील दिवा. दगडात तेल असेल तर त्या दिव्याखाली ते चमकतं. मी डोळे लावले. तुकडे निळसर पांढरे चमकत होते. हलकं तेल अगदी तसंच चमकतं.

"ताई!"

त्यांनी आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग पेटीवर डोकं टेकून तशाच उभ्या राहिल्या. केनीने त्यांची पाठ थोपटली. त्यांनी लंडनला फोन लावला. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला मीटिंग ठरली, त्यात कुठला पट्टा ते पक्कं होणार. संध्याकाळी कँटीनमध्ये ताईंनी सगळ्यांना स्वतःच्या हाताने चहा दिला. मला म्हणाल्या, "तुझा हात लकी आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या पट्ट्याची कांडी वर आली. थंडी फार होती. मी व्हॅसलीन लावलं, काम सुरू केलं. अकराच्या सुमारास पेटीत एक तुकडा आडवा पडला म्हणून तो सरळ करायला आत हात घातला, डोळे पेटीच्या भोकाशी होतेच.

माझी बोटं चमकत होती. पेरं, नखांच्या कडा, सगळं निळसर पांढरं.

व्हॅसलीन शेवटी खनिज तेलातूनच निघतं. बाडमेरला मी हातापायाला खोबरेल लावायचो, त्यामुळे हे कधी मनातच आलं नव्हतं. मी हात बाहेर काढला, पुन्हा घातला. पुन्हा तेच. काल मी मोज्यांशिवाय धरलेले, ओठांना लावलेले तुकडे आठवले. खरं सांगतो, पाच मिनिटं मी विचार केला की बोलायचंच नाही. कदाचित दगडही चमकत असेल. कदाचित दोन्ही. घरी वडिलांनी सगळ्यांना सांगितलं होतं की पोरगा इंग्लंडात दगड तपासतो. मग वाटलं, ज्या बाईंनी माझ्या शब्दावर लंडनला फोन केला, त्या दोन वाजता त्याच शब्दावर उभ्या राहणार.

ऑफिस म्हणून ठेवलेल्या लोखंडी डब्यात गेलो. ताई मीटिंगचे कागद लावत होत्या.

"ताई, कालचा तो उजेड माझा असू शकतो."

"म्हणजे?"

मी हात पुढे केले, डबी पुढे केली, मोज्यांचं सांगितलं, जिभेचंही सांगितलं. त्यांनी सगळं ऐकलं. चेहरा पांढरा पडला. "यू लिक्ड माय कोअर," त्या म्हणाल्या. मग इंग्रजीत आणखी काही, ते इथे लिहीत नाही, पण त्यातला प्रत्येक शब्द माझ्या वाट्याचा होता. मग म्हणाल्या, "पाच मिनिटं दे मला," आणि कुंपणाजवळच्या ओक झाडांकडे चालत गेल्या. तिथे पाठमोऱ्या उभ्या होत्या. केनीने त्याचा चहा माझ्यासमोर ठेवला.

पाच मिनिटांनी ताई परत आल्या. हातात नवे मोजे, दोन जोड्या. "हात साबणाने धू. तीनदा. मग घाल. हातोडा कुठे आहे?"

वरच्या पट्ट्याचे दगड आम्ही मधोमध फोडले. आतली बाजू, जिला आजवर कुणाचा हात लागला नव्हता. एक, दोन, सहा, नऊ. पेटीत घातले. आत फक्त अंधार. भेगा होत्या, ताई म्हणत होत्या तशाच, पण पांढऱ्या खनिजाने गच्च भरलेल्या. तेलाला शिरायला जागाच नव्हती. ताईंनी प्रत्येक तुकडा स्वतः पाहिला. नववा पाहून झाल्यावर म्हणाल्या, "ओके. आता खालचा."

खालच्या पट्ट्याची कांडी त्यांनी फोडली. दोन भाग झाले आणि डब्यात पेट्रोल पंपावर येतो तसा वास भरला. मधून जाणारी एक भेग, केसाएवढी. आम्ही बघत असतानाच तिच्या कडेला बारीक थेंब फुटायला लागले. दगडाला घाम यावा तसे. पेटीत घालायची गरजही नव्हती. बाडमेरला मी तेलाच्या कितीतरी खुणा पाहिल्या आहेत, पण पंधरा कोटी वर्षांनी दगड समोर घामाघूम होताना पाहिला नव्हता.

दोन वाजता ताई फोनवर होत्या. मी बाहेर जायला निघालो तर त्यांनी हातानेच खाली बसायला सांगितलं. इंग्रजीत त्या म्हणाल्या, "काल मी दिलेली बातमी मागे घेते. सँपल खराब झालं होतं, आमच्याकडून. नव्याने फोडून पाहिलं. वरच्या पट्ट्याबद्दल मी वर्षभर चुकीचं सांगत होते. खालचा घ्या." पलीकडून कुणीतरी विचारलं असावं, नक्की का? त्या म्हणाल्या, "दगड माझ्यासमोर आहे." माझं नाव त्यांनी घेतलं नाही. आमच्याकडे चूक कळली की आधी माणूस शोधतात. इथे आधी हातोडा शोधला. मी हे कधी विसरणार नाही.

फोन ठेवून त्या माझ्याकडे वळल्या. "उद्यापासून मोजे. आणि जीभ तोंडात ठेव."

"हो ताई."

"आणि सांगितला, ते बरा केला." एवढंच.

चाचणी

माझ्या शेवटच्या आठवड्यात चाचणी झाली. सकाळी दहाला नळ उघडला. पहिल्यांदा खारं पाणी आलं. तासभर पाणी. दीड तास पाणी. केनी एका जागी उभा, टोपी मुठीत चुरगाळत. टँकरचा ड्रायव्हर शिट्टी विसरला. ताई नळाजवळ काचेची बाटली धरून. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. पाण्याला तपकिरी फेस आला, गेला, पुन्हा आला. मग नळाने घसा खाकरल्यासारखा आवाज केला आणि हिरवट काळी धार सुरू झाली, आधी तुटक, मग सलग. केनीने आरोळी ठोकली. मी आयुष्यात एवढा मोठा माणूस उड्या मारताना पाहिला नाही.

ताईंनी भरलेली बाटली उन्हाकडे धरली. तेलातून हिरवा उजेड येत होता.

मी विचारलं, "ताई, वाईट वाटतंय?"

"वाटतो ना. एक वर्ष, संतोष." बाटली त्यांनी फिरवून पाहिली. "पण बघ ना, किती सुंदर आहे."

विहिरीजवळ मोबाइल चालत नाही, फाटकावरच्या पेटीत ठेवावा लागतो. ताई मोजे काढत तिकडे चालू लागल्या, मी बाटली घेऊन मागे. मार्गारेट आजींनी आमच्या चेहऱ्यांकडे पाहिलं, त्यांना कळलं. "माझ्यासाठी वाईट दिवस," त्या ताईंना म्हणाल्या, "तुझ्यासाठी चांगला. अभिनंदन, पण मी उद्याही येणार." ताई म्हणाल्या, "या, नक्की या." आणि लेस्टरला फोन लावला.

"बाबा, आला. तेल आला... नाही, वरचा नाही. खालचा." पलीकडे शामराव काहीतरी समजावत असावेत, कारण ताई एकदम मोठ्याने, रान दणाणेल अशा आवाजात बोलल्या. "अहो बाबा, वाईट नाही हो! मी चुकले, आणि तेल आला! दोन्ही! ऐकता ना? दोन्ही!"

त्या हसत होत्या. बाहीने डोळे पुसायला गेल्या तर गालावर तेलाचा पट्टा उमटला. त्यांना ते कळलं नाही, आणि मी सांगितलं नाही.